या बाजूने उघडत नाही

व्हिडिओ गेममधल्या अंतराळस्थानकात कुठली खोली कुठे जोडायची, हे ठरवणं धाकट्याचं काम. त्याची एक खोड होती. अर्ध्याअधिक दारांवर पाटी यायची, ‘या बाजूने उघडत नाही’. मग खेळणाऱ्याने शिव्या घालत अख्ख्या स्थानकाला वळसा घालायचा आणि पलीकडून कडी काढायची.

थोरल्या भावाशी अबोला झाल्यापासून दोघांच्या घरांमधलं दारही नऊ वर्षं बंद होतं. कडी थोरल्याच्या बाजूला.

थोरला गेला, तेव्हा धाकटा रस्त्याने वळसा घालून त्याच्या घरात शिरला. निदान आता तरी, म्हणून कडी काढायला गेला, तर ती लावलेलीच नव्हती.

“कधी लावूच दिली नाही त्यांनी, भाऊजी,” वहिनी म्हणाली. “म्हणायचे, ‘आणि त्याने ढकललं तर?’”