शेवटचा सिग्नल

पोरगी दोन महिन्यांची झाल्यावर माझा नवरा शुभम तिला पहिल्यांदा बघायला माझ्या माहेरी, चांदूर बाजारला आला. बाबांनी एवढा उशीर का म्हणून विचारलं, तर त्यांच्या अंगावरच आला.

"जर्मनीतून सुट्टी भेटत नाई, किती डाव सांगू? परवा रात्री विमानात बसलो अन् सरळ इथं आलो. हे घ्या, घडी आणली. तुमच्या दुकानात असली कधी आली नसन."

बाबा चाळीस वर्षांपासून घड्याळं दुरुस्त करतात. ते एकेक बटन दाबून पाहू लागले.

"उगाच दाबू नका. चाबीची नोहे ते. तिथल्या टावरवरून रोज रात्री आपोआप टाइम लावून घेते. एक रात्र चुकली नाई. परवापर्यंत माह्या हातातच होती."

"अन् इथं?"

"आपल्याकडं कुठचा असा टावर? इथला टाइम म्या विमानातच लावला."

बाबांनी खालचं बटन दाबलं आणि घड्याळ माझ्यापुढं धरलं. "टावरचा शेवटचा सिग्नल कोणत्या तारखेले भेटला, ते इथं दिसते. वाच, बेटा."

मी मोठ्यानं वाचलं, "तीन मार्च."

पोरीचा जन्म बारा जूनचा.

बाबांनी घड्याळ शुभमच्या पुढ्यात ठेवलं. "घडी एकदम बरोबर हाय, जावईबापू. मार्चपासून कुठं राहून राहिले ते सांगा, मंगच पोरीले हात लावा."