द्राक्षासवाचा चमचा

माझी नात हर्षाली विमानांची इंजिने तपासते. ड्युटीआधीच्या श्वासचाचणीत ती प्यालेली सापडली आणि तीन महिने पिंपरी पेंढारला घरी बसली. आज ती कामावर परत निघाली. निघणाऱ्याने माझ्या हातचे चमचाभर द्राक्षासव घ्यायचे, ही आमच्या घरची रीत. मी चमचा पुढे केला. “नको, आजी. यातही अल्कोहोल असतं. आज यंत्र पुन्हा वाजलं, तर मला विमानाला हात लावू देणार नाहीत.” अंगणात भावकी जमली होती. त्यातले धाकटे दीर हसले. “वहिनी, पोरीला दारू चालती, तुमचं औषध न्हाई चालत!” हर्षालीने मान खाली घातली नाही. मी चमचा बरणीत रिता केला आणि बरणी दिरांच्या हाती दिली. “भावजी, ही तुम्ही न्या. पन्नास वर्षांत मला ‘नको’ म्हणणारी ही पहिली. हिच्यापुढे बाटलीची काय प्राज्ञा!”