सोबतीची ड्यूटी

"मागची सीट माझी," बसमध्ये चढताच सुभेदार कृष्णाजी म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन बसले. पाठीमागे कुणी बसलेलं त्यांना चालत नसे. फौजेतली सवय, दुसरं काय.

शेजारी सुमंत येऊन बसला. निपाणीकडचा, पस्तिशीतला, पलटणीतून गेल्याच वर्षी निवृत्त झालेला. बस मल्लेश्वरमहून रामनगरच्या खडकांकडे निघाली. आत बारा माजी सैनिक, म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक जोडीत एक रुग्ण आणि एक सोबती.

ही सहल आखणाऱ्या डॉक्टर अनुषांनी कृष्णाजींना फोनवर सगळं नीट समजावलं होतं. लढाईच्या आठवणींनी ज्यांची झोप उडाली, त्यांना उघड्यावर न्यायचं, खडक चढायला लावायचं, बोलतं करायचं. "सुमंतनं सहा महिने घर सोडलेलं नाही. आज मागं फिरला, तर पुन्हा खोलीत कोंडून घेईल. पण आपल्याला रुग्ण म्हणून आणलंय हे कळलं, तर बसमधूनच उतरेल. त्याला काही बोलू नका, अण्णा. फक्त सांभाळा."

कृष्णाजी लगेच तयार झाले. दिवाळीपासून ते स्वतःही फाटकाबाहेर पडले नव्हते, पण ते गुडघ्यामुळे. बायको कावेरीनं "गुडघ्याचं काय?" असं विचारलं, तेव्हा ते बूट पॉलिश करत होते.

"ड्यूटी आहे," ते म्हणाले. कावेरीनं पाण्याची बाटली भरून दिली आणि का कोण जाणे, देवापुढं साखर ठेवली.

खडकाखाली कृष्णाजींनी सुमंतच्या कमरेचा पट्टा तीनदा तपासला. "स्वल्प, जरा सावकाश जा. दोर माझ्या हातात आहे."

सुमंत चढला. दोनदा घसरला, खाली बघून हसला आणि वर पोचला. कृष्णाजींना इतका आनंद झाला, की त्यांनी शेजारच्या अनोळखी हवालदाराच्या पाठीत धपाटा घातला.

खाली उतरल्यावर सुमंतनं दोर आपल्या हातात घेतला. "आता तुम्ही, अण्णा."

"मी कशाला रे?"

"तुम्ही चढलात तर मला बरं वाटंल."

रुग्णाचं मन मोडून कसं चालेल? कृष्णाजी चढू लागले. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही.

अर्ध्यावर असताना लांबच्या खाणीत सुरुंग उडाला.

कृष्णाजींचा गाल खडकाला चिकटला. बोटं सुटेनात. डोळ्यांपुढं खडक राहिला नाही, भलतंच काही दिसू लागलं.

"अण्णा," खालून शांत आवाज आला. "खाणीचा सुरुंग हाय तो. आपण रामनगरात हाय. मी दोर धरलाय. डावा पाय वर घ्या."

डावा पाय वर गेला.

"आता उजवा. घाई न्हाई. दिवस आपलाच हाय."

सुमंत बोलत राहिला. निपाणीचा बाजार, आईच्या हातचा झुणका, शेजारची खोडकर म्हैस, काय वाट्टेल ते. कृष्णाजी त्या आवाजामागून वर गेले. माथ्यावर वारा लागला, खाली हिरवी शेतं दिसली आणि ते पोट धरून हसले. इतकं कधी हसलो होतो, हे त्यांना आठवेना. डोळे पुसता पुसता त्यांना वाटलं, जमलं बरं का! पोरगा घडाघडा बोलायला लागला. डॉक्टरांना केव्हा एकदा सांगतो असं त्यांना झालं.

खाली उतरेपर्यंत जेवण तयार होतं. आचारी यल्लाप्पानं भाताचं पातेलं उघडलं, सारूचा, त्या आंबट-तिखट पातळ आमटीचा, वास सुटला. "बन्नी, बन्नी, या सगळे, रांग लावा," त्यानं हाक दिली.

सकाळपासून पोटात काही नव्हतं. तरी कृष्णाजी चिंचेखालीच थांबले आणि त्यांनी सुमंतला हलकेच पुढं ढकललं.

"जा, तू वाढून घे."

"तुम्ही जावा की, अण्णा."

"मी मागून. पलटणीत माणसं ज्याच्या हवाली असतात, तो शेवटी जेवतो. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय," सुमंत म्हणाला. "म्हणून तर थांबलोय."

कृष्णाजींनी आजूबाजूला पाहिलं. यल्लाप्पा पळी घेऊन वाट बघत होता, बाराही जण चिंचेखाली आपापल्या जोडीदाराला "आधी तू" म्हणत थांबले होते आणि रांगेत एकही माणूस नव्हता.