हळदीचं बोट

सत्त्याण्णवच्या दसऱ्याला मी धुळ्याहून पारोळ्याला गिरधर नानांचा कॉम्प्युटर बघायला गेलो. त्यांची लेक कुंदा त्यावर लग्नपत्रिका करायची. ती वारली, तेव्हापासून तो सुरूच होत नव्हता.

पॉवर सप्लाय जळालेला निघाला. मी वायरी काढून ठेवल्या आणि मॉनिटर पुसायला घेतला. काचेवर हळदीचं बोट लागलेलं होतं. चिडून घासलं, तरी निघेना.

"नाना, हे काचेच्या आतून लागलंय."

नाना जवळ आले. "दर दसऱ्याले कुंदाच याची पूजा करे. पहिले हळद, मंग कुंकू."

त्यांनी काचेवर हात ठेवला. "कुंकू राही गयं ना, माय."

हळदीला लागूनच, आतून, एक ओलं लाल बोट टेकलं.