फाटकापलीकडची आई

"शुक्रवारपर्यंत करार झाला नाही तर काय होईल, कुणालाच ठाऊक नाही," नोएलिया बूट चढवता चढवता म्हणाली. "आमचे डॉक्टर म्हणतात, चार-चार तास रांग लागेल. पाववाली तर म्हणाली, फाटकच बंद करतील."

भिजवलेले चणे निथळत असलेल्या ब्रिगिडाचे हात थांबले.

रेडिओवरही तेच चाललं होतं. ब्रिटनला युरोपीय संघातून बाहेर पडायचं होतं, आणि कसं पडायचं यावर ब्रुसेल्समध्ये दोन वर्षं काथ्याकूट सुरू होता. बडी मंडळी टेबलाला बसत होती आणि तोंड पाडून उठत होती. त्यांच्या ला लिनेआ गावात मात्र एकच प्रश्न होता, जिब्राल्टरच्या फाटकाचं काय? अलीकडे स्पेन, पलीकडे ब्रिटनचा अंमल. गावातल्या कितीतरी चुली पलीकडच्या पगारावर पेटत. नोएलियाही तिकडे दातांच्या दवाखान्यात कामाला होती.

"आजी, तू तर बंद फाटक पाहिलंयस."

"तेरा वर्षं," ब्रिगिडा म्हणाली.

ते बंद झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. माद्रिदहून हुकूम आला आणि कुलूप पडलं. थोरली बहीण लूस लग्न होऊन पलीकडे गेलेली. मग दर रविवारी ब्रिगिडा आईवडिलांना घेऊन कुंपणापाशी जाई. समोर, मोकळ्या पट्ट्याच्या पलीकडे, लूस तिच्या बाजूची जाळी धरून उभी असे. घसा फुटेस्तोवर ओरडून बोलायचं. लूसनं आपली पहिली मुलगी तशीच डोक्यावर उचलून दाखवली. वडील गेले, तेही ब्रिगिडानं ओरडूनच कळवलं. तीनदा ओरडावं लागलं, कारण पूर्वेचा वारा शब्द पळवून नेत होता.

फाटक उघडलं तेव्हा तिघी मायलेकी गळ्यात गळे घालून रडल्या. पण बंद फाटकाला तेरा वर्षांत जे जमलं नाही, ते उघड्या फाटकानं तीन वर्षांत केलं. आई लूसकडे राहायला गेली, तिथंच आजारी पडली, तिथंच वारली. ब्रिगिडानं इकडे वडिलांच्या शेजारची जागा राखून ठेवली होती. लूसनं मात्र आईला पलीकडेच पुरलं.

"कुलूप होतं तोवर आई माझी होती," ब्रिगिडानं तिला सुनावलं होतं. "कुलूप निघालं आणि तू तिला पळवलंस."

ती अंत्यविधीला गेली नाही. लूसची पत्रं तिनं न फोडता परत पाठवली. त्यानंतरही चौतीस वर्षं फाटक उघडंच होतं, वाट वीस मिनिटांची होती, आणि ब्रिगिडा एकदाही पलीकडे गेली नव्हती.

तिनं हात पुसले आणि खुंटीवरचा कोट काढला.

"थांब, मीही येते."

"कुठं?"

"आईची जागा पाहिली नाही मी. आता बंद झालं तर पुन्हा उघडेपर्यंत मी असेन का?"

"आणि लूसआजी?"

"तिचं नाव काढू नकोस. मी आईकडे चाललेय."

फाटकाशी नेहमीपेक्षा मोठी रांग होती. सगळेच धास्तावलेले. पाऊण तास गेला असेल, तेवढ्यात रांगेत इथं तिथं फोन वाजू लागले. नोएलियानं आपला फोन पाहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"ब्रुसेल्समध्ये मुदत वाढवून दिलीय. बोलणी चालू राहणार."

"म्हणजे आणखी काही दिवस डोकेदुखी," मागचा गवंडी म्हणाला. लोक हसले. कितीतरी दिवसांनी रांगेत कुणी हसलं होतं.

"आजी, फाटक काही बंद होत नाही. उगाच धावपळ केलीस. तू घरी जा बघू, गुडघे दुखतील. एखाद्या रविवारी निवांत जाऊ."

ब्रिगिडा उभी राहिली. परत फिरणं सोपं होतं. तेवढ्या एका गोष्टीचा तिला चौतीस वर्षांचा सराव होता. समोरची माणसं पुढं सरकली. तिच्यापुढं दोन पावलांची रिकामी जागा पडली.

"बंद होणार म्हणून निघाले होते," ती म्हणाली. "आता उघडं आहे म्हणून जाते."

शिपायानं तिचं कार्ड पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि परत दिलं. एवढंच? तिला वाटलं.

दफनभूमी विमानाच्या धावपट्टीला लागूनच होती. आईची जागा कुठली, ते रखवालदाराला विचारावं लागलं नाही. रस्त्याच्या कडेची पहिलीच ओळ, पांढरा दगड, आईचं नाव. दगड धुतलेला होता. कुंडीतली माती ओली होती. ब्रिगिडा दगडावर हात ठेवून उभी राहिली. नोएलिया मागं सरकली.

समोरच्या इमारतीचं दार उघडलं. घरातल्याच सपातांवर, अंगावर झगा तसाच, एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडून आली. चार पावलांवर थांबली. तिला धाप लागली होती.

"खिडकीतून पाहिलं," लूस म्हणाली. "चालण्यावरून ओळखलं."

ब्रिगिडानं मान वळवली नाही. "बाबांजवळ जागा होती. मी ठेवली होती. का नाही पाठवलंस तिला तिकडे?"

"मी नाही गं ठरवलं." लूसनं काठी कुंडीला टेकून ठेवली. "आईनंच शपथ घातली होती, ब्रिगिडा स्वतःहून येईपर्यंत सांगायचं नाही म्हणून. म्हणाली, 'तिकडे नेलंस तर तिला इकडे यायला कारणच उरणार नाही. मला तुझ्या दारासमोर ठेव. तुझ्यावर किती का रागावेना, आईकडे तर येईलच ती.'"