चन्नप्पाचा कान

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा, कुंभारीच्या चन्नप्पा पाथरवटाची गोष्ट सांगतो. कीर्तनाआधी बुवा टाळ वाजवून बघतात ना, तसा चन्नप्पा काळा दगड वाजवून बघायचा. कॉलेजातले लोक त्याला बेसाल्ट म्हणतात, लाव्हारस निवून झालेला. निवताना आत एखादी चीर राहून जाते आणि वरून काही दिसत नाही. हातोडीच्या ठोक्याला दगड खणकन वाजला तर तो देवाचा, बद्द वाजला तर पायरीला. “कान असावा तर चन्नप्पाचा!” असं सोलापूरपर्यंत लोक म्हणायचे. बायको नागव्वा समोरच लिंबाखाली ज्वारी निवडत बसायची. कुणी तिला काही विचारायचं नाही.

परवा नागव्वा गेली. तिच्या समाधीचा दगड चन्नप्पानं स्वतः निवडायला घेतला. पहिल्याच ठोक्याला दगड बद्द वाजला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“अप्पा, ह्यो नको की, चिरलाय,” मागून लेक दानेश्वरी म्हणाली.

चन्नप्पानं वळूनही बघितलं नाही. पुन्हा ठोका दिला आणि लिंबाखाली नजर टाकली.

“नागव्वा, मान हलीव की गं. व्हय का न्हाय?” सवयीनं तो बोलून गेला. मग हातोडी खाली ठेवून तिथंच बसला.

दगड फोडता फोडता त्याचे कान कधीच गेले होते, आणि आम्हाला ते त्या दिवशी कळलं.

आमच्या देवळातला नंदी चन्नप्पानं निवडलेल्या दगडाचाच; त्याच्यापुढं हात जोडाल, तेव्हा तेवढी नागव्वाची आठवण काढा.