घासलेली मूठ

सोलमध्ये टेबल टेनिसच्या राष्ट्रीय संघनिवडीच्या शेवटच्या सामन्याआधी जगज्जेत्या ओक-बुनने आपली बॅट उचलली आणि ती थबकली. पेनासारखी धरायची ती मूठ कुणीतरी तर्जनीपाशी घासून गोलसर केली होती. संघातल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांत धाकटी मि-रे ओक-बुनची बॅट पुसायची, आणि आज समोर मि-रेच खेळणार होती. “मुठीला हात लावलास?” “ताई, तुमचं बोट सुजलंय, म्हणून...” “बोटाची काळजी, की माझ्या जागेची घाई? मोठी गुणाची गं!” ओक-बुनने रागाने जुनी बॅट काढली. तिची कड सुजल्या बोटात रुतत राहिली, फटके जाळीत गेले आणि जागा मि-रेला मिळाली. सामान आवरताना ओक-बुनने घासलेली मूठ धरून पाहिली. बोट न दुखता अलगद बसलं. दाराशी, जिंकूनही, मि-रे मान खाली घालून तिची पिशवी उचलायला उभी होती. “द्या इकडे, ताई. बोट दुखेल तुमचं.”